शाळेची ओळ आणि दिंडीची ओळ

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात औंध येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मूळपीठाच्या डोंगराखाली, यमाईच्या पायाशी आज आपण सगळे बसलो आहोत. दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत वीणा कुणाकुणाच्या गळ्यात आली, पखवाज कुणी वाजवला, कुणाच्या डोक्यावरून तुळस पंढरीला गेली, हे सगळं या ग्रंथात इतर मंडळींनी लिहिलं आहेच. आमच्या वाट्याला विषय आला तो लहान मुलांचा. प्राथमिक शाळेतलं धार्मिक शिक्षण आणि सामुदायिक उपासना. विषय देणारे म्हणाले, "चार चांगल्या गोष्टी सांगा." त्या सांगूच. पण त्याआधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे. शंभरीच्या सोहळ्यात नुसतं कौतुक करून उठलो तर पुढच्या शंभर वर्षांना आपण काय दिलं?

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगतो. दिंडीतली आम्ही पाचसहा माणसं. कुणी शेतकरी, कुणी निवृत्त गुरुजी, एकजण एसटीत वाहक होता. मुलांना हरिपाठ शिकवायचं काम आमच्याकडे बरीच वर्षं आहे.

झालं असं. काही वर्षांमागं आमच्या मनानं घेतलं की शाळेतल्या सगळ्या पोरांना हरिपाठ तोंडपाठ झाला पाहिजे. संध्याकाळी देवळात येणारी पोरं कमी झाली होती. घरोघरी टीव्ही, मग मोबाइल. आजी हरिपाठ म्हणते आणि नातू मान खाली घालून बोटानं काचेवर रेघा ओढतो, हे आपण सगळेच बघतो. आम्हाला वाटलं, पोरं जिथं रोज हमखास सापडतात तिथंच जावं. म्हणून एका शाळेत गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नाही आणि शाळेचाही नाही, आमचा आहे. तिथल्या गुरुजींना गळ घातली, "परिपाठ झाला की पंधरा मिनिटं आम्हाला द्या." गुरुजी आधी का कू करत होते. पण दिंडीची माणसं, गावची माणसं, नाही कसं म्हणणार? हो म्हणाले.

आठपंधरा दिवसांत पोरं तयार झाली. मैदानात ओळीनं उभी राहून टाळ्या वाजवत एका सुरात म्हणायची. अंगावर काटा यायचा. आमच्यातला एकजण म्हणाला, "आता दिंडीची काळजी मिटली."

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की पाण्याच्या टाकीजवळ तीन लेकरं रोज उभी असतात. दोन बहिणी आणि एक मुलगा. हरिपाठ संपला की ती येऊन वर्गाच्या ओळीत लागायची. आम्ही त्या मुलाला विचारलं, "का रे, तू का नाही येत?" तो म्हणाला, "आमच्या घरी हे म्हणत नाहीत. बाहेर थांबलं तर चालतंय, असं सांगितलंय." त्या दोघी बहिणी मुसलमान घरातल्या, मुलगा बौद्ध घरातला. आम्ही म्हटलं, बरं आहे, सक्ती तर कुणी केली नाही. आणि विषय सोडून दिला.

त्या संध्याकाळी आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या माउलीला हे सहज बोलता बोलता सांगितलं. तिनं चाळिसेक वाऱ्या पायी केलेल्या. अक्षरओळख नाही, पण ऐकून ऐकून अभंग पाठ. ती म्हणाली, "पोरांनो, समाजआरतीला एखाद्या दिंडीचा टाळ वाजायचा थांबला न्हाई, तर चोपदार काय करतो? त्या दिंडीकडं जातो का न्हाई? मग ह्या लेकरांचा टाळ तुमच्यातल्या एकाला बी ऐकू आला न्हाई व्हय?"

आम्ही गप्प झालो.

वारीला गेलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पण हा ग्रंथ पुढं कुणाच्याही हातात जाईल, म्हणून सांगतो. माउलीच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढाच टाळ वाजत राहतो. चोपदार तिकडं जातो, तक्रार ऐकून घेतो, तोड काढतो, आणि मगच आरती होते. लाखो माणसांचा सोहळा एका दिंडीसाठी थांबतो. ही रीत आपली आहे. बाहेरून कुणी येऊन शिकवलेली नाही.

आणि आम्ही काय केलं? तीन लेकरांचा टाळ चालू असताना आरती उरकली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वडलांकडे गेलो. माणूस भला. चहा पाजला. म्हणाला, "भजनाचं आम्हाला वावडं नाही. तुमचा हरिपाठ वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण माझं पोरगं शाळेत गेल्यावर रोज पहिलं काम काय करतं, तर वर्गातून वेगळं निघतं. माझा आजा शाळेच्या बाहेर बसून शिकला. मला वाटलं होतं ते संपलं." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मंडळी, ज्यांच्या नावानं आपण पालखी काढतो ते कोण होते, हे आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकलं आहे. परंपरा सांगते की निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली. मुंज करायला कुणी तयार नाही. आईबापांनी देह टाकला तरी शास्त्रीमंडळींचं समाधान नाही. शुद्धिपत्रासाठी या लेकरांना पैठणपर्यंत चालत जावं लागलं. म्हणजे आपली माउली हीच एकेकाळी ओळीबाहेर उभं केलेलं लेकरू होती. चोखोबांची समाधी पंढरपुरात कुठं आहे? महाद्वारासमोर, बाहेर. नामदेव पायरीशी वाकताना आपण तिथंही वाकतो. आणि अशा संतांचा हरिपाठ शिकवताना आम्हीच लेकरांना बाहेर उभं केलं. आमची चूक ती हीच.

आता औंधाकडे येऊ, कारण ही गोष्ट या मातीला नवी नाही.

औंधचे राजे बाळासाहेब, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, हे चित्रकार होते आणि स्वतः कीर्तनाला उभे राहत. गादीवरचा राजा कीर्तन करतो आणि रयत समोर बसते, हे औंधानं पाहिलं आहे. त्यांनी संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. सूर्याची बारा नावं घेत पोरं मैदानात नमस्कार घालत. हेतू आरोग्याचा होता. राजे स्वतः रोज नमस्कार घालत, त्यामुळे दुसऱ्याला सांगायचा त्यांना अधिकारही होता. आमच्या वाडवडलांपैकी कुणी ते नमस्कार जन्मभर घातले. कुणी शाळा सुटली त्या दिवशी सोडले. ज्यांनी घातले ते आवड लागली म्हणून घातले. राजाचा हुकूम शाळेच्या फाटकापर्यंतच चालला.

पण याच राजाची दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोठी वाटते. २१ जानेवारी १९३९ रोजी त्यांनी औंधात नवी राज्यघटना लागू केली आणि आपली सत्ता लोकांच्या हाती दिली. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रिडमन यांची मदत होती, राजपुत्र अप्पासाहेब पुढे होते. सगळा देश इंग्रजांच्या अमलाखाली असताना बहात्तर गावांच्या लहानशा संस्थानात हे घडलं. हुकूम करायची ताकद ज्यांच्या हातात होती त्यांनीच ती खाली ठेवली. आम्हाला शाळेत पंधरा मिनिटं मिळाली, तेवढीही आमच्यानं सोडवत नव्हती!

इथंच पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहिले. स्वाध्याय मंडळ काढून त्यांनी वेदांचे ग्रंथ छापले आणि लोकांच्या हाती दिले. १९४८ मध्ये ते गुजरातेत पारडीला गेले, तोवर हे काम औंधातच चाललं. ज्याला वाचायचं तो मागवून वाचेल, अशी ती रीत. तसंच आळंदीचं. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं पोरं आपणहून जातात, माधुकरी मागतात, ज्ञानेश्वरी शिकतात. त्यांच्यातून कीर्तनकार तयार झाले. धर्माचं शिक्षण आपल्याकडे असं होत आलं आहे. ज्याला ओढ आहे त्यानं दारात यावं, आणि दार उघडं असावं.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय औंध पुरं होत नाही. कोकणातल्या पालगडचा एक गरीब मुलगा शिकायला म्हणून औंधला आला. पुढे इथं प्लेग आला आणि त्याला औंध सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी. याच गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, लोकांना समजावलं. अखेर मंदिर उघडलं. देव तोच होता, वारी शेकडो वर्षांची होती, अभंगही तेच होते. तरी चोखोबांच्या लेकरांना आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांतली पहिली काही वर्षं त्याआधीची आहेत, हे आज विसरून चालणार नाही. त्या वर्षांत आपले पूर्वज आत जाऊन दर्शन घेत होते आणि काही वारकरी बाहेरूनच कळसाला हात जोडत होते.

त्याच गुरुजींची प्रार्थना आज महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत म्हटली जाते. तिच्यात कुठल्या एका देवाचं नाव नाही, म्हणून ती म्हणताना कुणाचंच लेकरू टाकीजवळ जात नाही. पुष्कळ शाळांत परिपाठाच्या शेवटी पसायदान होतं. तेही तसंच. माउलीनं स्वतःसाठी तिथं काही मागितलं नाही, आपल्या पंथासाठीही मागितलं नाही, सगळ्यांसाठी मागितलं. तरीसुद्धा एखादं लेकरू ओठ न हलवता उभं राहिलं तर त्याला कुणी हटकू नये, असं आमचं म्हणणं आहे. उभं आहे ना ओळीत? पुष्कळ झालं.

आता कायद्याचंही सांगतो, कारण आम्हाला ते उशिरा कळलं. आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम आहे. जी शिक्षणसंस्था पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथं धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत हरिपाठाचा तास लावून आम्ही त्या बिचाऱ्या गुरुजींनाही अडचणीत टाकलं होतं. आम्ही त्यांची माफी मागितली. कायद्याच्या धाकानं मात्र आम्ही बदललो नाही. त्याआधीच आमच्या म्हातारीनं आमचा निकाल लावला होता.

मग आम्ही हरिपाठ शाळेतून काढला आणि पुन्हा देवळात नेला. शाळा सुटल्यावर, दिवेलागणीला. ज्याला यायचं त्यानं यावं, घरी सांगून यावं. पहिल्या दिवशी किती पोरं आली असतील? अकरा! शाळेत सव्वाशे म्हणत होती. आमच्यात भांडणं झाली, खोटं कशाला सांगू? एकजण रुसून महिनाभर आला नाही. म्हणाला, "सव्वाशे सोडून अकरा घेऊन बसलात. उद्या दिंडीला माणूस मिळणार नाही." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पोरं कमी झाली ती झालीच. आज पंधरा-वीस असतात, परीक्षा आली की सात-आठ. पण त्या अकरांतली एक मुलगी आज आपल्या दिंडीत पखवाज वाजवते, आणि दोन पोरं चाल सोडत नाहीत. त्या सव्वाशेंतल्या किती जणांना हरिपाठ अजून येतो, हे आम्ही विचारायला गेलो नाही. धीर झाला नाही.

टाकीजवळचा तो मुलगा हरिपाठाला कधी आला नाही. त्यानं यावं म्हणून आम्ही हे केलंही नव्हतं. तो वर्गात पहिल्यापासून बसतो, एवढंच आम्हाला हवं होतं.

कुणी म्हणेल, मग शाळेशी दिंडीचा संबंधच नको का? असं नाही. संबंध आहे आणि फार जुना आहे. मंडळी, आपण वारीत झोपतो कुठं? कधी तंबूत, कधी देवळात, आणि पाऊस लागला की शाळेच्या खोलीत. वाटेवरच्या कितीतरी गावांनी आपल्यासाठी शाळा उघडल्या. पोरांच्या बाकांवर आपण ओली धोतरं वाळवली, त्यांच्या फळ्याखाली डोकं टेकलं. नीरास्नान झालं, पालखी लोणंदला आली की आपल्या जिल्ह्यातली पोरं रस्त्याच्या कडेला पाण्याचे पेले घेऊन उभी असतात. पेला देणाऱ्या लेकराची जात-धर्म आजवर कुणी वारकऱ्यानं विचारला आहे का? तहान लागलेली असते, आपण पितो आणि "माउली" म्हणून त्याच्या पाया पडतो. साठीचा म्हातारा सात वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो. वारकरी धर्माचं सगळं शिक्षण त्यात आलं, असं आम्हाला वाटतं. त्याला पुस्तक लागत नाही.

तेव्हा दिंडीच्या दुसऱ्या शंभरीसाठी चार गोष्टी आम्ही मंडळींपुढे ठेवतो. पटल्या तर घ्या, नाही पटल्या तर टाळ वाजवत राहा, आम्ही ऐकायला येऊ.

पहिली, हरिपाठ, टाळ, पखवाज आणि चाली शिकवायच्या त्या देवळात, शाळा सुटल्यावर. मुलगा-मुलगी भेद नको, कुठल्याही घरचं लेकरू येवो. वीणेला हात लावायला कुणाला मना नको.

दुसरी, शाळेत जायचं ते गुरुजींनी बोलावलं तरच. तिथं संत सांगायचे ते माणूस म्हणून, कवी म्हणून. जनाबाई दळण दळताना गात होती. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करता करता मेले. सावता माळ्यानं मळ्यातच देव पाहिला. हे मराठीच्या तासाचंही शिक्षण आहे आणि ते सगळ्या लेकरांचं आहे.

तिसरी, आषाढीला शाळा बालदिंडी काढते. छोटे विठ्ठल-रखुमाई, डोक्यावर तुळस, हातात झाडं वाचवा, पाणी जिरवा असे फलक. गोड दिसतं. तिथं ज्याला जे व्हावंसं वाटेल ते होऊ द्या. कुणी ग्रंथाची पालखी धरेल, कुणी फलक धरेल, कुणी नुसतं चालेल. कपाळी बुक्का लावायचा तो विचारून.

चौथी आणि शेवटची. वारीत ज्या शाळेत मुक्काम पडेल, ती सोडताना आलो होतो त्याहून स्वच्छ करून सोडायची. पत्रावळी उचलायच्या, संडास धुवायचे, बाक होते तसे लावायचे. हातात झाडू घेऊन गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं. कित्येकदा आपण पहाटे उठून "ज्ञानोबा-तुकाराम" करत निघून गेलो आणि मागं शाळेच्या पोरांनी आपली घाण काढली आहे. ज्या लेकरांना आपण अभंग शिकवायला निघालो, त्यांनी आपलं वागणं आधीच पाहिलेलं असतं.

सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी पालखी सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम लावला, रथापुढं कोण, रथामागं कोण ते ठरवलं. ती शिस्त आज इतकी वर्षं टिकली ती शिपायांच्या दंडुक्यावर नाही. प्रत्येकानं आपणहून आपली जागा धरली म्हणून टिकली, आणि तक्रारीचा एक टाळ ऐकायची सोय तिच्यात होती म्हणून टिकली. शाळेची ओळ आणि दिंडीची ओळ, दोन्ही अशाच राहू देत. ज्या ओळीला लेकरू आपल्या पायानं येतं, तिला कुणी हाकावं लागत नाही.

आमच्या त्या म्हाताऱ्या माउली आज आपल्यात नाहीत. यंदाच्या वारीत समाजआरतीला टाळ थांबतील तेव्हा क्षणभर कान देऊन ऐका. सगळे थांबले आहेत ना?

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! रामकृष्णहरी.